पाच मीटरवर तीन मिनिटं

डिनाने दूरच्या, ऊबदार समुद्रातल्या बोनेअर बेटाचा नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. त्याचं एक टोक सारखं वर वळत होतं, त्यावर तिने साखरेचं भांडं ठेवलं. दुसऱ्या टोकावर नवऱ्याचा डावा हात उचलून ठेवला.

"आता हलवू नकोस," ती म्हणाली.

"बघतो जमतंय का," मारिनुस म्हणाला.

त्या हाताची बोटं सप्टेंबरपासून हलली नव्हती. स्नायू एकेक करून निकामी करणारं ते दुखणं पायांपासून सुरू झालं, हातांत आलं आणि नाताळानंतर छातीत शिरलं. आता तो एका दमात चारपाच शब्द बोले आणि मग थांबे. थट्टा करायची खोड मात्र शाबूत होती. डिनाला तिचा कधी आधार वाटे, तर कधी नुसता संताप येई.

तीन वाजून गेले होते. चारला डॉक्टरीणबाई यायच्या होत्या, आणि कशासाठी ते दोघांनाही ठाऊक होतं. असह्य दुखण्यातल्या माणसाने शुद्धीत, स्वतःहून मागितलं, तर इथे कायद्याप्रमाणे डॉक्टर घरी येऊन शांतपणे शेवट करून देतात. मारिनुसने मागितलं होतं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी येऊन त्याच्याशी तासभर बोलून खात्रीही करून घेतली होती. आता फक्त तारीख राहिली होती, आणि ती त्याने आज सांगायची होती.

म्हणून डिनाने ही सहल काढली होती. सहा मार्चला निघायचं, वीसला परत. जो माणूस मार्चमध्ये समुद्रात उतरणार आहे, तो जानेवारीतली तारीख कशी देईल? हे मनातले मांडे आहेत हे तिलाही कळत होतं. पण उपाशी माणसाला तेही पुरतात.

तिने फोन लावला आणि त्यालाही ऐकू जावा म्हणून आवाज मोठा केला. ओफेलिया त्या बेटावर, अगदी किनाऱ्याला, तीन खोल्या भाड्याने देत असे. तिकडे सकाळ होती, मागे कोंबडा आरवत होता.

"मी डिना, झीलंडहून. मागच्या आठवड्यात आपण बोललो होतो."

"हां हां, चाकाच्या खुर्चीवाल्या! भावाला सांगून ठेवलंय, फळी टाकून देईल. दोनच तर पायऱ्या आहेत, बाई. काळजी कशाला करता?"

"तिथे शांत असतं ना? आम्हाला गर्दी नकोय."

"गर्दी कुठली! मोकाट गाढवं ओरडतात पहाटे, तेवढाच काय तो गोंगाट. ती काही माझं ऐकत नाहीत."

मारिनुस हसला. हसण्याचा खोकला झाला. डिनाने फोन खाली ठेवून त्याला पुढे वाकवलं, त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत धरून ठेवलं, तोंड पुसलं आणि फोन पुन्हा उचलला.

"पाण्यात कुठून उतरायचं?"

"घरासमोरूनच. रस्त्याकडेला पिवळा दगड दिसेल, त्यावर जागेचं नाव रंगवलंय. तिथून पंधरावीस पावलं, की पाणी. वरून तळ दिसतो. आणि हो, सोबत कोण आहे तुमच्या? एकट्या माणसाला मी पाण्यात सोडत नाही, आधीच सांगते."

"माझा नवरा," डिना म्हणाली.

कोंबडा पुन्हा आरवला. ओफेलियाने तो खोकला ऐकला होता.

"बरं," ती हळू आवाजात म्हणाली. "फळी जरा रुंद करायला सांगते."

फोन बंद झाल्यावर मारिनुसने नकाशावरून नजर उचलली.

"विमा काढलास?"

"कसला?"

"सहल रद्द झाली, तर."

"नाही काढला."

"झीलंडची बाई," तो म्हणाला. श्वास घेतला. "आणि विम्याशिवाय? तुझी आई उठून येईल थडग्यातून."

"विमा काढला की सहल रद्द होतेच," ती म्हणाली. आपलं बोलणं तिला इतकं खुळचट वाटलं की ती उठून उगाचच कप पुसायला लागली.

एकतीस वर्षं ते दोघं इथल्याच समुद्राच्या, बंधाऱ्यापलीकडच्या गार, हिरव्या पाण्यात बुड्या मारत आले होते. अंगात जाड रबरी पोशाख, आणि हातभर अंतरावरचं दिसलं तर नशीब. एकदा ऊबदार पाण्यात जायचंच, असं दर हिवाळ्यात ठरे आणि राहून जाई. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून तिथले कायदे कडक असतात. कुणीही अंगठा वर केला की बुडी संपली, दोघांनी वर यायचं. का, ते विचारायचं नाही. दुसऱ्याने आपलाही अंगठा वर करून होकार द्यायचा, तोवर पहिल्याने जागचं हलायचं नाही.

एकदा मोठ्या पुलाच्या खांबापाशी, तळाला टेकून दोन मिनिटंही झाली नसतील, डिनाने घाबरून अंगठा वर केला होता. मारिनुससमोर त्या वर्षातली सगळ्यांत मोठी शेवंड दगडाआडून बाहेर येत होती. त्याने शेवंडीकडे पुन्हा पाहिलंही नाही, लगेच आपला अंगठा वर केला. त्या दिवशी गाडीत, घरी, आणि पुढे कधीही, का म्हणून त्याने विचारलं नाही.

वर येताना, पाणी पाच मीटर उरलं की तिथे तीन मिनिटं थांबायचं, हा आणखी एक कायदा. अंगात साठलेला वायू तेवढ्यात निघून जातो. थंडीने कुडकुडणारी डिना तिथे दर वेळी घाई करी, आणि मारिनुस तिचं मनगट घट्ट धरून तिला थांबवून ठेवी.

कप पुसून झाले. तिने ओफेलियाने पाठवलेला मारिनुसचा फॉर्म पुढे ओढला. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने तो भरायचा असतो.

"धाप लागते का?" तिने मोठ्याने वाचलं आणि लिहिलं, नाही.

"डिना."

"हातापायांत अशक्तपणा?" नाही.

"खोटं लिहू नकोस."

"मार्चपर्यंत कदाचित..." ती म्हणाली आणि तिने मान वर केली.

तो तिच्याकडेच बघत होता. त्याचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर होता. त्या हाताची दोन बोटं अजून त्याची होती. अंगठा हळूहळू, थरथरत वर आला आणि तिथेच राहिला.

"नाही," ती म्हणाली. "हे पाणी नाहीये, मारिनुस. स्वयंपाकघर आहे हे."

अंगठा खाली गेला नाही.

"सात आठवडे. फक्त सात आठवडे मागतेय मी. ती बिचारी फळी ठोकून घेतेय तुझ्यासाठी."

थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढली, कपाळावर घाम आला. तिला त्याचा भयंकर राग आला. एवढी ताकद होती, तर ती यासाठी राखून ठेवली होती? मग तिच्या ध्यानात आलं, की ती होकार देईपर्यंत तो हात खाली घेणार नाही, आणि तिला हवं तितका वेळ तो असाच थांबेल.

तिने पेन ठेवलं. आपला अंगठा वर केला.

त्याचा हात दांडीवर पडला.

दाराची घंटा वाजली. चार म्हणजे बरोबर चार. काचेतून डॉक्टरीणबाईंचा निळा कोट दिसत होता, बंधाऱ्यावरचा वारा तो फडफडवत होता. डिना उठली.

"डिना," तो म्हणाला. "तीन मिनिटं."

या गावात पोस्टमनलाही कुणी दारात ताटकळत ठेवत नाही. डिना परत बसली. खुर्ची त्याच्याजवळ ओढून तिने नकाशावरचा त्याचा हात उचलला आणि मनगट घट्ट धरलं. नकाशाचं टोक गुंडाळत वर आलं. दुसऱ्या हातावरचं घड्याळ तिने दोघांना दिसेल असं वळवलं.

थोड्या वेळाने घंटा पुन्हा वाजली. डिनाने मान वर केली नाही. अजून एक मिनिट बाकी होतं.