हंडीतला न दिसणारा वायू

मी काचेची एक जुनी हंडी आहे. सोलापुरातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत, पंपाच्या गुळगुळीत तबकडीवर मी पालथी बसते. माझ्या पोटातली हवा पंपानं ओढून घेतली, की आत जवळजवळ काहीच उरत नाही. त्याला निर्वात म्हणतात. पूर्वी माझ्या आत घंटा वाजवत आणि तिचा आवाज बाहेर येत नसे. मुलं टाळ्या पिटत. पुढं प्रयोग पडद्यावरच दिसू लागले आणि माझ्याखाली खडूचे तुकडे झाकून ठेवले गेले. मित्रांनो, काचेलाही रिकामपणाचा कंटाळा येतो.

यंदा एप्रिलमध्ये मायाक्का मॅडमनी मला धुऊन पुसलं. त्यांचा धाकटा भाऊ बिभीषण माढ्याकडच्या गुरांच्या दवाखान्यांना बर्फाहून कितीतरी थंड असा द्रवरूप नायट्रोजन पोचवतो. प्रयोगासाठी त्यानं त्यातला थोडा एका भांड्यातून आणला. सोबत त्याची लेक पिंकी होती. ती आल्या आल्या बाकावर डोकं टेकून बसली.

"काय झालं गं?" मॅडमनी विचारलं.

"डोकं दुखतंय, आत्या. गाडीत गुंगी आली."

"काचा बंद होत्या?"

"ऊन लई हाय की, आक्का. एसी लावला व्हता," बिभीषण म्हणाला. "आन् नायट्रोजनचा धूर खालीच बसतो. पोरीपतुर कुटं येतोय?"

मॅडमनी सगळ्या खिडक्या उघडल्या. पिंकीला वाऱ्याला बसवलं, पाणी दिलं. तिला तरतरी आल्यावरच त्यांनी थर्माकोलच्या वाटीत तो द्रव ओतला. पांढरं धुकं वाटीवरून ओघळून खाली उतरलं.

"बग, खालीच चाललाय," बिभीषण म्हणाला.

मॅडमनी माझ्या शेंड्याशी आतून एक अर्धवट फुगवलेला फुगा टांगला, मला वाटीवर पालथं घातलं आणि पंप सुरू केला.

हवा निघू लागली तसा फुगा टम्म झाला. द्रव विस्तवाशिवाय खदखदू लागला! धुकं मात्र विरून गेलं. थोड्या वेळानं उरलेला द्रव चक्क गोठून पांढरा पडला. माझ्या पोटात असलं नवल कधी घडलं नव्हतं.

"धूर गेला की!" बिभीषण म्हणाला.

"तो नायट्रोजन नव्हताच. हवेतलं बाष्प गारठून दिसत होतं. नायट्रोजन डोळ्यांना दिसत नाही." मॅडमनी पंपाची तोटी बंद केली. "आता फुग्याकडं बघ."

वाटीतून काहीही वर येताना दिसत नव्हतं. मला मात्र कळत होतं. आत अडवायला कुणी नसल्यामुळं वायूचे कण तळाला, कडांना, शेंड्याला, सगळीकडं येऊन थडकत होते. फुगा आकसत आकसत लहान झाला.

पिंकी उठून जवळ आली. "आत्या, फुगा कुणी दाबला?"

"त्याच वायूनं."

बिभीषणचा चेहरा उतरला. "म्हंजे गाडीतबी..."

"व्हय. गार असतो तोवर खाली बसतो, मग हवेत मिसळून पार वरपर्यंत पसरतो. बंद गाडीत श्वासापुरता प्राणवायूच उरत नाही रे."

आत वायू साचू नये म्हणून मॅडमनी हळूच तोटी उघडली. बिभीषणनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"आज ही तुज्यापाशीच राहू दे, आक्का," तो म्हणाला. "म्या उघडा टेम्पो बगतो. भांडं आता त्यातनंच न्हेणार."

मित्रांनो, दिसत नाही ते नसतंच, असं समजू नका. त्याचीही चौकशी करा. आणि असं भांडं घेऊन बंद गाडीत, बंद खोलीत कधी बसू नका. आपल्या माणसालाही बसू देऊ नका.