कव्हराखालचा कागद

मी टीव्ही बोलतोय. दचकलात? वायर उंदरांनी कुरतडली, काच तडकली, डोक्यावर कोंबडी बसते, तरी बोलतोय! सात वर्षं या रिहे गावातल्या घरात मी दुसऱ्यांनी लिहिलेलं बडबडलो. स्वतःचं एकच वाक्य बोलायचं होतं, तेवढं जमलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

१९९९ साली मी आलो तो हेमलताबरोबर. तिच्या वडिलांनी, कोंडाजींनी, लग्नात रुखवतात मला मांडलं होतं. घर तिच्या नवऱ्याचं, दिग्विजयचं. पण चालायचं त्याच्या आईचं. तिला सारा गाव आक्का म्हणायचा. आक्कानं मला हळदकुंकू लावलं, वर क्रोशाचं कव्हर घातलं. मी खूश!

दोन वर्षं गेली, पाळणा हलेना. मग आक्कानं पौडच्या बाजारातून गुबगुबीत बाळाचं पोस्टर आणलं आणि माझ्या डोक्यावर भिंतीला चिकटवलं. "येता-जाता ह्याच्याकडं बघत जा गं," हेमलताला म्हणाली. दिग्विजयला कुणी म्हटलं नाही, की बाबा, तूही बघ.

शेजारच्या जुईलीचं डोहाळजेवण आमच्याच पडवीत झालं. पन्नास बायकांच्या पुरणपोळ्या एकट्या हेमलतानं लाटल्या. ओटी भरायला ती पुढं झाली, तर आक्कानं तिच्या हातातलं तांदळाचं ताट काढून घेतलं. "तू ऱ्हाऊ दे. आत भांडी पडल्यात." सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या, आणि मी तर बंद होतो! मला हात असते ना, तर ते ताट मी आक्काच्या डोक्यावर पालथं केलं असतं.

दर बुधवारी दिवेलागणीला माझ्यावर एक विनोदी मालिका लागायची. एका चाळीतली तीन बिऱ्हाडं. याचं तिच्यावर प्रेम, तिचं त्याच्या मित्रावर, चिठ्ठी भलत्याच्याच हातात. त्यातल्या एका जोडप्याला मूल नव्हतं. ती बाई अंगारे लावायची, ताईत बांधायची, आणि मागून हा हा हा! हसणारं माणूस एकही दिसायचं नाही, नुसतं टेपवरचं हसणं. पडवीतली माणसंही हसायची. हेमलता दाराशी तांदूळ निवडत बसायची. मेलं ते हसणं माझ्याच पोटातून निघायचं, याची मला लाज वाटायची.

२००४ साली एका दुपारी सगळे भातलावणीला गेले असताना दिग्विजय एकटाच पुण्याहून आला. हातात दवाखान्याचा कागद. माझ्यासमोर उभं राहून त्यानं तो तीनदा वाचला. खाली डॉक्टरनं साध्या मराठीत लिहिलं होतं, 'दोष पतीमध्ये आहे. पत्नीस उपचारांची गरज नाही.' त्याला तो कागद फाडायचा धीर झाला नाही आणि दाखवायचाही झाला नाही. घडी घालून त्यानं तो माझ्या कव्हराखाली सारला.

दोन वर्षं! दोन वर्षं तो कागद माझ्या डोक्यावर होता, आणि ती बिचारी काढे पिऊन ओकत होती, सोमवार-गुरुवार उपाशी राहत होती. हा तिच्या हातची गरम भाकरी खाऊन ढेकर देत होता. शेवटी आक्कानं सांगून टाकलं, "दिवाळी झाली की हिला म्हायेरी धाडायची. दुसरी बघून ठेवलीया." तेव्हाही हा भाकरी चुरत बसला. तोंडात काय गुळणी धरली होती?

त्याच आठवड्यात मालिकेतल्या त्या मूल नसलेल्या बाईच्या नवऱ्यानं आपला दवाखान्याचा रिपोर्ट पिठाच्या डब्यात लपवला. बायको पीठ मळायला बसली नि परातीत रिपोर्ट. पडवी हसून लोळायला लागली. एकटा दिग्विजय हसला नाही. त्याची नजर माझ्या कव्हरावर गेली. आणि हेमलता मला बघतच नव्हती, ती त्याला बघत होती.

ती उठली. तिनं कव्हर उचललं, कागद वाचला आणि त्याच्यासमोर धरला. "तुमीच सांगा. हा तुमचा हाय का न्हाई?"

"मला काय म्हाईत न्हाई," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

आक्का कडाडली. "टीव्हीत बघून कागद लिवून आणलास व्हय गं? अक्कल शिकवती आमाला!" तिनं कागद हिसकून चुलीत घातला. "ह्या डबड्यानंच घर नासवलं!"

घ्या! लपवलं पोरानं, जाळलं आईनं, नि घर नासवलं मी! मला गोठ्यात नेऊन आदळलं. सकाळी हेमलता पौडच्या एस्टीत बसली.

पुढच्या वर्षी शारदा आली. नवा टीव्ही आला, वर तेच पोस्टर. तीन वर्षांत शारदाचे गाल बसले. अंडी गोळा करायला यायची आणि माझ्या कडेला बसून पदरात तोंड घालून रडायची. मी आतून ओरडायचो, अगं बये, त्याला विचार! पण बंद टीव्हीचं कोण ऐकतंय?

यंदा, म्हणजे २०१० च्या उन्हाळ्यात, जुईलीकडं आलेली हेमलता मागच्या बाजूनं गोठ्यात शिरली. शारदा घाबरून उठली.

"टीव्ही न्यायला आलायसा का? त्यो बंद हाय."

"टीव्ही ऱ्हाऊ दे हितंच," हेमलता म्हणाली. "तुला एक सांगायला आले. दोष तुझ्यात न्हाई. माझ्यातबी नव्हता. डॉक्टरनं लिवलेलं मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय. कागद आक्कांनी चुलीत जाळला, पर त्यांना त्याच चुलीवर हात ठिवायला लावून विचार."

माझं वाक्य! सहा वर्षं माझ्या पोटात अडकलेलं वाक्य त्या बाईनं बोलून टाकलं.

शारदा घरात गेली. आतून आक्काचा आवाज आला, मग दिग्विजयचा, तेच जुनं, "मला काय म्हाईत न्हाई." थोड्या वेळानं शारदा परत आली ती ते पोस्टर घेऊन. तिनं ते माझ्या डोक्यावर पसरलं, त्यावर पेंढा टाकला आणि खुडूक कोंबडीला वर बसवलं. "तूच उबव आता," म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. मग पिशवी उचलून एस्टीच्या वाटेला लागली.

आता ते बाळ कोंबडीखाली आहे. मी भंगारवाल्याची वाट बघतोय. तुमच्याकडंही टीव्ही असेल. हसा की, पोट धरून हसा! फक्त हसता हसता एकदा मागं वळून बघा, दाराशी तांदूळ निवडत कोण गप्प बसलंय.