एका चमच्याचा डाग

मी एक जुना टॉवेल आहे, मित्रांनो. हल्ली घरात मला कुणी फडकं म्हणतं, कुणी नुसतंच "ते घे रे जरा" म्हणतं. मी मनावर घेत नाही. ज्याच्यावर भर दवाखान्यात खटला चालला आणि जो त्यातून मानाने सुटला, त्याला नावांचं काय एवढं?

माझा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात झाला. अंग पांढरं, सुती, दोन्ही टोकांना निळी रेघ. नवा होतो तेव्हा खळीने इतका ताठ होतो की कोपऱ्यात उभा केला असता तर उभाच राहिलो असतो. मला विकत घेतलं एका लाँड्रीवाल्या बाईंनी. त्या मला भिजवून पिळायच्या, कुणाच्या तरी काळ्या पँटवर अंथरायच्या आणि वरून तापलेली इस्त्री फिरवायच्या. चटके मी खायचे आणि कौतुक पँटचं! पण त्या वाफेने माझा ताठा उतरला. मी असा मऊ झालो की बाई कधीकधी उगाचच मला गालाला लावून बघायच्या.

या बाईंचा धाकटा भाऊ प्लंबर. त्याच्या घरी बाळ आलं, तेव्हा बाई लाँड्रीला कुलूप लावून भावजयीच्या मदतीला निघाल्या आणि मला पिशवीत घातलं. "दुकानात फुलाफुलांचे टॉवेल मिळतात गं," त्या भावजयीला म्हणाल्या, "पण इतका मऊ नाही मिळायचा. याला मी स्वतः भाजून काढलंय!"

माझी नवी जागा बाळाच्या आईच्या खांद्यावर. बाळाला डोक्यावर केस नव्हते आणि कपाळावर कायम आठी, म्हणून सगळे त्याला साहेब म्हणत. दूध पिऊन झालं की साहेब माझ्यावर हनुवटी टेकत, आई पाठीवरून हात फिरवी आणि एक ढेकर येई. त्या ढेकरेबरोबर एकदा कोमट दूधही आलं.

"साहेबांनी सही केली!" बाई म्हणाल्या. सगळे हसले.

पुढे दर पाजण्यानंतर सही होऊ लागली आणि हसू आटलं. साहेबांना त्याचं काहीच नव्हतं. ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळतंय आणि स्वारी आपली छतावरच्या पंख्याकडे बघतेय! घाबरली ती आई.

बाई मला खिडकीच्या उजेडात धरून बघायच्या. डागांवर त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे निकाल. "केवढा हा डाग! वाटीभर तरी गेलं असेल. प्यायला किती न् टाकलं किती! पोटात उरलं काय मग? पाज परत."

आई परत पाजायची. आधीच भरलेलं ते एवढंसं पोट, साहेब आणखी मोठी सही करायचे. मग आणखी मोठा डाग, मग परत पाजणं.

प्लंबरने आपली अक्कल चालवली. "ताई, हा सगळा उताराचा प्रश्न आहे. उतार चुकला की पाणी उलटं येतं." त्याने पाइपचे दोन तुकडे कापले आणि पाळण्यातल्या गादीखाली उशाकडून सरकवले. थोड्या वेळाने बघतात तो साहेब घसरून पायथ्याला गोळा झालेले, हनुवटी छातीत रुतलेली.

"वा!" बाई म्हणाल्या. "तुझ्या उताराने पोर थेट तळाला पोचलं की रे!"

प्लंबरने त्याला उचलून वर सरकवलं आणि पाइप तसेच ठेवले. साहेब पुन्हा घसरले.

मग बाईंच्या तोंडून ते वाक्य गेलं. मनात खोट नव्हती, काळजीच होती. "तुझं दूध मानवत नसेल गं त्याला."

आईने माझी घडी घातली, मोडली, परत घातली. नवरा कामाला निघाला तेव्हा म्हणाली, "अहो, येताना डब्याचं दूध आणा. मी माझं बंद करते." ती हे बोलत असतानाच आत साहेब भुकेने कुरकुरले आणि तिचा ब्लाउज ओला झाला. तिने मलाच छातीशी घट्ट दाबून धरलं. ते दूध मीही चाखलं, मित्रांनो. मला त्यात काडीची खोट सापडली नाही. पण टॉवेलला विचारतो कोण?

प्लंबर दारात थबकला. "आणतो. पण आधी डॉक्टरांना दाखवू. नळ न उघडता मीसुद्धा कधी पार्ट बदलत नाही."

अशी आमची वरात दवाखान्यात गेली. ज्या बाईंनी आयुष्यात डाग शिळा होऊ दिला नाही, त्यांनी मला त्या दिवशी मुद्दाम न धुता आणलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मला पसरून त्या म्हणाल्या, "बघा, हा पुरावा!"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी साहेबांचे कपडे उतरवले, वजन केलं, पोट दाबून पाहिलं. मग आईला विचारलं, "टाकतो ते हिरवं असतं का? रक्त दिसतं? जोरात लांब उडतं? लंगोट नेहमीइतके ओले होतात ना?"

"पांढरंच असतं. नुसतं ओघळतं," आई म्हणाली. "आणि लंगोट धुऊन वन्सं दमतात."

"दमत नाही मी!" बाई म्हणाल्या.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा चहा आला, सोबत छोट्या भांड्यात वेगळं दूध. त्यांनी त्यातलं एक चमचा दूध उचललं आणि माझ्या कोरड्या टोकावर ओतलं.

मी सुती. ओल पसरवणं हा माझा धर्म. ते दूध निळ्या रेघेपर्यंत पसरलं, रेघ ओलांडून गेलं आणि बघता बघता साहेबांच्या डागाएवढं झालं.

बाईंनी दोन्ही टोकं शेजारी धरली. "अगं बाई! हा तर तेवढाच! शाईचा एक थेंब अख्खा खिसा खातो, हे गिऱ्हाइकांना मीच सांगते की! आणि इथे माझीच मती गुंग झाली?"

"माझं दूध..." आईने विचारलं. "मानवत नाही का त्याला?"

"त्याचं वजन अगदी छान वाढलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते कशाने वाढलं मग? हवा खाऊन?"

आई हसली आणि त्याच हसण्यात रडली. डोळे पुसायला तिने मलाच उचललं, तेही नेमकं ओल्या टोकाने.

डॉक्टरीणबाईंनी मग समजावलं. अन्ननळी पोटाला मिळते तिथे एक झडप असते. लहान बाळांची ती अजून कच्ची असते, म्हणून दूध वर येतं.

"म्हणजे वायसर नीट बसलं नाही अजून," प्लंबर म्हणाला.

"आपोआप बसेल. तुम्ही हत्यारं लावू नका! बाळ आजारी नाही, नुसतं सांडतंय. औषधही नको. तुमचं दूध चालू ठेवा. टाकलं की लगेच परत भरू नका, भूक लागली की पाजा. पाजल्यावर अर्धा तास उभं धरा, पोटावर लंगोट आवळू नका. आणि झोपवायचं ते पाठीवर, सपाट गादीवर."

"आणि ते पाइप?" बाईंनी भावाकडे बघत विचारलं.

"कसले पाइप?" डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आजच काढा. मान मुडपली की श्वास अडतो. आणि टाकलेलं हिरवं दिसलं, रक्त दिसलं, जोरात लांब उडलं, लंगोट कमी ओले झाले, वजन थांबलं, ताप आला, पिणं सोडलं, तर तडक या. एरवी टॉवेल धुवा आणि मजेत राहा."

घरी आल्याबरोबर पाइप निघाले. डब्याचं दूध आलंच नाही. साहेब आता अर्धा अर्धा तास कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर मिरवत. सह्या होत राहिल्या, पण बाई मला खिडकीत न धरता सरळ बादलीत टाकत. साहेब बसायला लागले, डाग लहान होत गेले, आणि एक दिवस मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोरडाच राहिलो. सगळे खूश. मी बेकार.

मग मी प्लंबरच्या पिशवीत गेलो. नट आवळायचे पाने पुसले, गळके सांधे पुसले, अंगभर काळा झालो. मित्रांनो, मऊपणाला तिथे कुणी विचारत नाही.

अलीकडेच आईच्या नुकत्याच बाळंत झालेल्या धाकट्या बहिणीचा रडत फोन आला. "ताई, तो सगळं टाकतो गं. पोटात काही ठरतच नाही. माझं दूधच..."

"थांब. काही ठरवू नकोस. मी आले."

तिने मला पिशवीतून काढलं, गरम पाण्यात उकळलं, उन्हात वाळवलं. आता डोक्यावर केस असलेल्या साहेबांनी विचारलं, "आई, हे फडकं कशाला नेतेस?"

"फडकं नाही रे. साक्षीदार आहे तो."

जुन्या वस्तू टाकू नका, मित्रांनो. त्यांनी काय काय पाहिलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं. पण त्यांचं म्हणणंही डोळे झाकून मानू नका. आज धाकटीच्या घरी मी गादीवर पसरलोय, निळी रेघ वर करून. साहेबांच्या आईने हातात चमचा घेतलाय, धाकटी डोळे पुसत वाकून माझ्याकडेच बघतेय. मला बोलता आलं असतं तर एवढंच म्हणालो असतो: अगं, माझ्याकडे काय बघतेस? बाळाकडे बघ. ते हसतंय.