माय, मी येऊन राहिली

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा आला आहे. पण आवाज विचाराल तर अजून खणखणीत! माझी उमेदीची वर्षे पांढुर्ण्याच्या वसंतभाऊंच्या मंडप डेकोरेशनमध्ये गेली. लग्नात मुलीच्या मामाला स्टेजवर बोलवायचे, वऱ्हाड्यांना पंगतीला बसायची हाक द्यायची, ही माझी कामे. तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! मी ज्याच्या हाती, त्याचेच सगळ्यांनी ऐकायचे.

पुढे बिनवायरचे माईक आले आणि मी खोक्यात पडलो. कोणी विचारीना, कोणी धूळही पुसेना. मला फार वाईट वाटे.

मग एक दिवस छाया मॅडम आल्या आणि मला घेऊन गेल्या. त्या सौंसरच्या शाळेत मराठी शिकवतात आणि घराच्या माडीवर छोटेसे प्रकाशन चालवतात. मोठे प्रकाशक ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, अशांची पुस्तके त्या काढतात. त्यांनी एक पॉडकास्टही सुरू केला आहे, ‘गोष्ट कुठी अडली?’ लेखक येतात, लिहिताना गाडी कुठे अडली आणि कशी सुटली ते सांगतात. नव्याने लिहिणारे ते मोबाईलवर ऐकतात. मॅडमनी मला पुसले, नवी वायर लावली आणि टेबलावर मानाने बसवले. लग्नात लोक माझ्यावर ओरडत. इथे माझ्याशी बोलू लागले. मी सुखावलो.

फक्त एका गोष्टीचे मला हसू येई. जिन्यात मोकळेपणाने गप्पा हाणणारा माणूस माझ्यासमोर बसला, की लगेच ‘मी आज येथे उपस्थित आहे’ असे बोलू लागे. जणू मी शाळा तपासायला आलेला साहेब!

रामाकोन्याच्या मनकर्णाबाईही तशाच अवघडून बसल्या होत्या. त्यांची पहिलीच कादंबरी त्या दिवशी छापायला जायची होती. रुसून घर सोडून गेलेली मुलगी आणि तिची वाट पाहणारी आई, अशी ती गोष्ट. छापखान्याचे गजाननभाऊ तपासलेली पाने न्यायला येणार होते. एकदा ती गेली, की बदल करता येणार नव्हता.

मॅडमनी त्यांना शेवटचे पान वाचायला सांगितले. त्या वाचू लागल्या, “फोनवर मुलगी म्हणाली, ‘आई, मी आले. आता इथेच राहणार.’” आणि त्या थांबल्या. त्यांचा श्वास अडखळलेला मला स्पष्ट ऐकू आला.

“काय झालं, मनकर्णाबाई?”

“काही नाही, मॅडम. शिकलेल्या मानसानं तपासलं, बरोबरच असन.”

“तुम्ही काय लिहिलं होतं?”

“‘माय, मी येऊन राहिली.’ पोरगी अजून बसमधीच हाय. पोचते का नाही, कोनाले ठाव? या एका वाक्यासाठी सारी कादंबरी लिवली मी. पन राहू द्या. पुस्तकात असं बोलनं चालत नसन.”

घोटाळा माझ्या लक्षात आला. आमच्याकडे ‘येऊन राहिली’ म्हणजे येत आहे, वाटेत आहे. दूरच्या शहरात बसून पाने तपासणाऱ्या मुद्रितशोधकांना वाटले, मुलगी आली आणि राहिली! त्यांनी आपल्या परीने वाक्य सुधारले आणि मुलीला थेट घरीच पोचवले.

मॅडम घुटमळल्या. मुलांच्या वहीत असले वाक्य दिसले, की त्यासुद्धा लाल रेघ मारत. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

“मॅडम, गजानन बोलतो. पानं न्याले येऊन राहिलो.”

“या, या! आम्ही वाटच पाहून राहिलो,” मॅडम बोलून गेल्या.

मनकर्णाबाईंच्या डोळ्यांत एकदम मिस्कील हसू आले. “आता तुमीच सांगा, मॅडम. गजाननभाऊ आले, का राहिले, का रस्त्यात हायेत?”

मॅडम इतक्या हसल्या, की टेबल हलले आणि मीही डुललो. मग डोळे पुसत त्यांनी पेन उचलले, ते सुधारलेले वाक्य खोडले आणि मनकर्णाबाईंचे वाक्य जसेच्या तसे लिहिले. मनकर्णाबाईंनी पान पुन्हा वाचले. या वेळी त्या माझ्यासमोर बसल्या आहेत, हेच विसरल्या होत्या.

पुस्तक निघाल्यावर त्या पेढे घेऊन आल्या. म्हणाल्या, “माह्या मायले वाचता येत नाही. मी तिले मोबाईलवर ऐकवलं. शेवटचं वाक्य आलं, अन् माय मोबाईललेच म्हने, ‘ये वं बाई, हळू ये.’”

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. कधी खरखरतो, कधी वायर हलवावी लागते. पण मी समाधानी आहे. तुम्हीही कधी काही लिहाल, माझ्यासारख्या कोणापुढे बसाल. तेव्हा चपला खुशाल जिन्यात काढा. पण आपली बोली तिथे काढून ठेवू नका. तिला आत घेऊन या.