एक पायरी खाली

लाल रंगाला लाल म्हणण्याआधी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागायला लागलं, तेव्हाच खरं तर तिने कुणाची तरी मानगूट धरायला हवी होती. पण माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो. त्यात तो माणूस घरची सून असेल तर मग विचारूच नका.

तिचं सगळं आयुष्य रंगावर उभं होतं. ती कपडे करायची आणि त्याच कपड्यांच्या जोडीचे दागिने करायची. शेंदरी जॅकेट, त्याला जर्द जांभळी कड. आणि गळ्यात तांब्याच्या चकत्यांची माळ, काचेची रंगीत पूड भट्टीत भाजून चढवलेली. तोच शेंदरी, तोच जांभळा. केसाइतका फरक तिला खपायचा नाही. माळ जॅकेटवर ठेवली की काच कुठे संपते आणि कापड कुठे सुरू होतं ते कळता कामा नये, हा तिचा हट्ट. कुणी शिकवलं नव्हतं तिला. कॉलेज नाही, पदवी नाही, पाठीवर कुणाचा हात नाही. प्रदर्शनातल्या बायका तिच्या स्टॉलसमोर थबकायच्या, आजाऱ्याच्या खोलीत डोकवावं तशा डोकवायच्या, "छान आहे हं, पण आपल्याला नाही बाई जमायचं" म्हणायच्या आणि पुढे जाऊन बिस्किटाच्या रंगाचं काहीतरी घ्यायच्या.

"बिस्किटं खायची असतात," ती त्यांच्या पाठीवर फेकायची. "अंगावर घालायची नसतात."

गिऱ्हाइकांशी बोलणं, मालाची ने-आण, प्रदर्शनांच्या तारखा, हे सगळं नणंदेकडे. नवऱ्याची थोरली बहीण. पूर्वी एका मोठ्या दुकानात वरच्या जागेवर होती. ते दुकान बसलं तशी ही इथे आली, आणि जणू हिच्या येण्यासाठीच हा कारखाना आजवर थांबला होता अशा थाटात खुर्ची ओढून बसली. सगळे तिला मॅनेजरीणबाई म्हणायचे. तिला ते आवडायचं. त्यातला टोमणा कळायला लागणारी अक्कल तिच्याकडे नव्हती. बाकीची होती, भरपूर होती.

सुरुवात एका गठ्ठ्यापासून झाली. रंग ठरवायला ती स्वतः रंगाऱ्याकडे बसायची. कापडाचा तुकडा बुडवायचा, वाळवायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा, मगच हो म्हणायचं. पुढे रंगवलेला गठ्ठा नणंद टेम्पोतून घेऊन यायची. तर तो गठ्ठा तिने उलगडला आणि आत लाल नव्हताच. होता तो लाल महिनाभर तापाने फणफणून नुकताच उठल्यासारखा.

"ताई, हा आपला रंग नाही."

"नाही कसा? हा घे, गठ्ठ्याला टाचलेला तुकडा. लाव की शेजारी."

तिने लावला. तुकडा आणि गठ्ठा तंतोतंत एक.

"मी ठरवलेला याहून गडद होता."

"अगं, डोक्यातला रंग नेहमीच गडद असतो," नणंद हसली.

तिने जाऊन माळ आणली. कापड बुडवलं त्याच दिवशी, त्याच तुकड्यावरून केलेली. माळ पेटलेली, कापड विझलेलं. आंधळ्यालाही कळलं असतं.

"हे बघा. आता बोला."

नणंदेने माळ हातात घेतली, उलटसुलट केली, आणि अतिशय मायेने बोलली. ही माया ध्यानात ठेवा, कारण सुरीपेक्षा तीच जास्त धारदार होती. "रागावू नकोस हं. पण जिभेची चव गेली की माणूस मीठ जास्त घालतो. तसंच झालंय तुझं. इतकी वर्षं भट्टीच्या तोंडाशी बसतेस. डोळ्यांना रंग कमी दिसत असेल, म्हणून हाताने जास्त पडतोय. होतं असं वयाने."

जेवायला बसल्यावर तिने नवऱ्याला विचारलं. त्याने ताटातून मान वर केली नाही. "ताई म्हणतेय तर बघ बाई काय ते."

पुढचा गठ्ठा तसाच आला. त्याच्या पुढचाही. दरवेळी टाचलेला तुकडा कापडाशी जुळायचा, न जुळणारी एकटी हीच. गाढवाला तिघांनी गाढव म्हटलं तर एक वेळ ठीक, पण घोड्याला रोज गाढव म्हणत गेलं की तोही एक दिवस ओझं मागायला येतो. ती भाजीवालीला विचारायला लागली, "हा टोमॅटो लाल आहे ना गं?"

"नाही, निळा आहे," भाजीवाली म्हणाली. "घेताय की नुसतंच बघताय?"

एका दुपारी तिने टोपलीभर चकत्या जमिनीवर ओतल्या आणि हातोडीने त्यांच्यावरची काच फोडली. गडद झाल्या म्हणून. वाया गेल्या म्हणून. नणंद दारात चहाचा कप धरून उभी होती. "बरं केलंस," ती म्हणाली. "आता असं करू, आकार तू काढ, रंगाचं मी बघते. तुझ्यामागची कटकट गेली."

रंगाचं मी बघते! अरे, म्हणजे मग हिच्याकडे उरलं काय? गाणाऱ्याला म्हणायचं, तू नुसतं तोंड उघड, आवाजाचं आम्ही बघतो.

तरीही ती बरं म्हणाली. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली, ती भांडायला नाही, निकाल ऐकायला गेली. डॉक्टरीणबाईंनी ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे वाचायला लावले, बटणांएवढ्या रंगीत टोप्यांची पेटी पुढे ठेवून रंगाशेजारी त्याच्या सर्वांत जवळचा रंग अशा ओळीने लावायला सांगितल्या. तिने लावल्या. बाईंनी तपासल्या, पुन्हा तपासल्या.

"तक्रार काय आहे तुमची?"

"रंग दिसत नाहीत."

"एकही टोपी इकडची तिकडे नाही. माझ्याकडून चुकतात हो यातल्या दोन-तीन. कुणी भरवलं हे तुमच्या डोक्यात?"

जिन्यात आल्यावर आनंद व्हायला हवा होता. गेली ती तळपायाची आग मस्तकात. डोळे धड आहेत, मग खोटं कोण आहे? ती तशीच रंगाऱ्याकडे गेली.

रंगाऱ्याला सगळे मामा म्हणायचे. वाफेने भरलेल्या लांबट खोलीत तो पातेल्यात काठी फिरवत होता. हिला बघताच तोंडभरून म्हणाला, "या, या! डोळे कसे आहेत आता?"

ती दारातच थांबली. "माझ्या डोळ्यांचं तुम्हाला कुणी सांगितलं, मामा?"

"मॅनेजरीणबाईंनी. त्या म्हणाल्या, वहिनींना आता नीट दिसत नाही, त्या सांगतील त्याच्या एक पायरी खाली रंगवायचं. आणि तुकडाही त्यातलाच टाचायचा, नाहीतर बिचारीच्या जिवाला लागतं."

"आणि तुम्ही टाचलात."

"आता मला काय, रंग कमीच लागतो," मामा ओशाळं हसला. "शिवाय घरच्या भानगडीत आपण कशाला पडा?"

"भानगडीत नाही पडलात, मामा. कुसळासारखे माझ्या डोळ्यात पडलात." तिने पिशवीतून उरलेली एक माळ काढली. "ठेवा ती काठी. माझ्या मापाने एक तुकडा बुडवा. आत्ता. माझ्यासमोर."

तुकडा वाळला. तिने खिडकीत माळेवर धरला. काच कुठे संपली, कापड कुठे सुरू झालं, कळलं नाही. तिने बराच वेळ तो तसाच धरून ठेवला. रडली वगैरे नाही. रडायचं तिने केव्हाच चकत्यांबरोबर उरकलं होतं.

कारखान्यात प्रदर्शनाची तयारी चालली होती. फिकट गुलाबी कपडे ओळीने टांगलेले. नणंद एकेकाला किमतीची चिठ्ठी लावत होती, नवरा स्टँडचे स्क्रू आवळत होता. हिने टेबलावर मामाचा तुकडा टाकला.

"एक पायरी खाली काय?"

नणंदेचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "कळलं तर. बरं झालं. मीच सांगणार होते."

"केव्हा सांगणार होतीस? मला आंधळ्याची काठी घेऊन दिल्यावर?"

लग्न झाल्यापासून ताई आणि तुम्ही याखाली ती आली नव्हती. नवऱ्याने चमकून वर बघितलं. नणंदेच्या गळ्याशी लाली चढली, आणि तोही रंग हिला अगदी स्वच्छ दिसला.

"तोंड सांभाळ. माल कुणामुळे खपला? तुझ्या त्या पेटलेल्या जॅकेटांनी कपाट भरलं होतं, वाळवी लागायची बाकी होती. मी एक पायरी खाली आणलं आणि बायका उचलायला लागल्या. खोटं आहे का हे?"

खोटं नव्हतं. माल खपला होता. तेच तर जास्त झोंबलं.

"मग माझ्या तोंडावर म्हणायचं होतंस, रंग कमी कर, विकला जात नाही. मी भांडले असते. हरलेही असते कदाचित."

"ऐकलं असतंस तू?"

"नसतं ऐकलं! म्हणून माझे डोळे काढून घ्यायचे? टोपलीभर काच फोडली मी, तू दारात उभी राहून चहा प्यालीस. साखर बरोबर होती ना त्यात?"

"अगं, ताईचा हेतू वाईट नव्हता," नवऱ्याने मध्ये तोंड घातलं.

ती वळली. "तुला माहीत होतं?"

तो पुन्हा स्क्रू आवळायला लागला. "घरात वाद नको म्हणून."

"वाद नको म्हणून बायको आंधळी चालली तुला. वा! फार शांतताप्रिय आहेस."

तिने गुलाबी झगा ओढून काढला, एका हातात तो आणि दुसऱ्या हातात मामाचा तुकडा धरून नणंदेच्या नाकासमोर नेला. "सांग. यातला गडद कोणता?"

"नाटकं करू नकोस."

"सांग. याच्या देखत."

नणंदेने भावाकडे बघितलं. भाऊ स्क्रू शोधायला खाली वाकला. अशा वेळी त्याचं नेहमी काहीतरी खाली पडायचं.

"हा," नणंद शेवटी फणकारली आणि तुकड्याला बोट लावलं. "हा गडद. तुझं बरोबर होतं. झालं समाधान?"

"नाही झालं."

आणि ती टांगलेले कपडे काढायला लागली. चिठ्ठ्यांसकट, कवटाळून, टेम्पोत. नणंद मागे धावली. "वेडी झालीस का? प्रदर्शन तोंडावर आलंय! शिवलेले कपडे आहेत ते, पुन्हा रंगवलेस की परत फिकट होणार नाहीत!"

"माहीत आहे. रंग चढवता येतो, उतरवता येत नाही. तुझ्याआधीपासून माहीत आहे."

ती पातेल्याशी स्वतः उभी राहिली. मामाला तिने काठीलाही हात लावू दिला नाही. कपडे लालभडक निघाले, फक्त शिवणीच्या पॉलिएस्टरच्या दोऱ्याने रंग घेतला नाही. तो फिकटच राहिला, जखमेवरच्या टाक्यांसारखा सगळ्या कडांनी दिसत. तिने तो लपवला नाही.

प्रदर्शनात ती स्टॉलवर एकटी होती. नणंद आली नाही, येणारही नव्हती. नवरा दुपारी डबा घेऊन आला, उभा राहिला, डबा ठेवून गेला. हिने ठेव म्हटलं नाही की बस म्हटलं नाही. संध्याकाळपर्यंत एक झगा आणि दोन माळा गेल्या. शेजारचा स्टॉल बिस्किटी कपड्यांचा होता, तिथे रांग होती.

मग एक बाई थांबली, झग्याची बाही चिमटीत धरून मैत्रिणीला म्हणाली, "अगं बाई! केवढा हा भडक!"

"किती?" तिने विचारलं.

"अं?"

"किती भडक आहे? सांगा ना. लाजू नका."

"म्हणजे काय, डोळ्यात खुपतोय अगदी."

"दिसतोय म्हणजे," ती म्हणाली. तिने बाईच्या चिमटीतून बाही सोडवून घेतली, दोन्ही तळहातांनी सरळ केली आणि झगा पुन्हा दिव्याखाली पुढेच टांगला. "घ्यायचा नसेल तर जरा पुढे व्हा. उजेड अडवताय."