वर संथा, खाली उड्या

पंचवटीतल्या त्या दुमजली इमारतीत वर वेदपाठशाळा आणि खाली बालवाडी, अशी सोय ज्याने केली त्याला एक तर कान नसावेत, नाहीतर थट्टेची फार हौस असावी. सकाळी वर चिंतामण गुरुजींची संथा सुरू व्हायची. गुरुजी एक ओळ म्हणणार, विद्यार्थी ती पुन्हा पुन्हा म्हणत पाठ करणार. नेमक्या त्याच वेळी खाली यशश्रीची पोरं खडूने आखलेल्या चौकोनांतून आकडे ओरडत उड्या मारणार. वरचा मंत्र कुठे संपला आणि खालचा सात कुठे सुरू झाला, हे बोळातल्या रिक्षावाल्यालाही सांगता आलं नसतं.

यशश्रीला त्याचं काही वाटत नसे. चार वर्षांच्या मुलाला जे शिकवायचं ते आधी त्याच्या हातापायांना शिकवावं, डोकं मागाहून येतंच, यावर तिचा पक्का विश्वास होता आणि तो ती कुणापासून लपवत नसे. तिच्या वर्गात बाकं नव्हती. परातीत रवा पसरलेला असे, त्यात बोटाने अक्षरं काढायची. चिंचोके मोजायचे, भाजीबाजारातून आणलेली गाजरं लहान-मोठी लावायची, आणि जमिनीवर जाड दोराने घातलेल्या भल्यामोठ्या 'अ'वरून तोल सांभाळत चालायचं. मुलं दुपारी घरी जायची ती गुडघे मळवून आणि खूश होऊन.

पालक मात्र सगळेच खूश नव्हते. दिशाचे वडील रविराज एक दिवस थेट गुरुजींकडे गेले. "दिवाळी झाली, तरी पोरगी एक ओळ लिहीत नाही. नुसत्या उड्या मारते," म्हणाले. जागा विश्वस्तांची असली तरी तिथे शब्द चालायचा गुरुजींचा. त्यांनी निरोप धाडला, शुक्रवारी खाली येऊन बघतो, मग जूनपासून खोली द्यायची की नाही ते ठरवू. इतकी ऐसपैस खोली पंचवटीच्या बोळांत दुसरी मिळणार नव्हती. खोली गेली की बालवाडी गेली.

मुलांचं खाणंपिणं बघणाऱ्या कलाबाई घाबरल्या. "ताई, येक दिस गप बसवा की पोरांना. पाट्या देऊ हातात. म्हातारा लय कडक हाय."

"आणि शनिवारी काय करायचं मावशी? पुन्हा उड्या? नाही. बघायचंय ना त्यांना, मग जे आहे तेच बघू देत."

बोलायला खमकी होती ती. पण शुक्रवारी लाकडी जिना करकरला तेव्हा तिने आधीच मोजलेले चिंचोके पुन्हा मोजायला घेतले, हे सांगायला हवं.

त्यात आणखी एक भानगड होती. गुरुजींचा सख्खा नातू अथर्व याच वर्गात होता. रोज संध्याकाळी त्याने देवापुढे मांडी घालून, हात जोडून, अजिबात न हलता श्लोक म्हणावा असा घरचा नेम. पण दुसऱ्या शब्दावरच पोराच्या तोंडाला कुलूप बसे. एवढ्या वैदिकांच्या घराण्यात हा एक असा कसा निपजला, ही काळजी गुरुजींना खात होती आणि तिचं खापर ते बालवाडीवर फोडून मोकळे झाले होते.

गुरुजी आले, खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि नातवाला पुढे बोलावलं. "नीट बस. हात जोड. म्हण श्लोक."

अथर्व बसला. तोंड उघडलं, मिटलं. त्याचा गुडघा हलायला लागला, तो गुरुजींनी तळव्याने दाबून धरला. पोराचे डोळे भरले.

"बघा बाई," गुरुजी म्हणाले. "इथे चंचलपणा शिकवला जातो. विद्या बसून घ्यायची असते. आधी शरीर स्थिर, मग मन."

यशश्रीला संताप आला आणि तो तिने गिळला, पण सगळा नाही. जिन्यापाशी उभं राहून तिने पाठशाळा कितीदा पाहिली होती. स्वर चढला की विद्यार्थ्यांचा हात वर, स्वर उतरला की हात खाली. नवख्या मुलांची तर मनगटं धरून गुरुजी हात फिरवत.

"गुरुजी, रागावू नका. आज वर जी ओळ घेतलीत ती एकदा म्हणता? फक्त हात उपरण्याखाली ठेवून."

"त्यात काय मोठंसं?" गुरुजी हसले आणि सुरू झाले. आवाज असा, की कलाबाईंचा खिचडीतला डाव थांबला. दुसऱ्या शब्दाला उपरण्याखाली काहीतरी हललं. तिसऱ्याला हात बाहेर आला आणि सरळ वर गेला. त्यांनी तो आत ओढला. तो पुन्हा बाहेर आला. शब्द एकही चुकला नाही, पण हात काही ऐकेना. दिशा फिदीफिदी हसली आणि बघता बघता सगळ्या पोरांचे हात गुरुजींबरोबर वर-खाली व्हायला लागले.

गुरुजी थांबले. "हा स्वराचा हात आहे," ते जरा चाचरत म्हणाले. "त्याशिवाय स्वर पक्का होत नाही."

"मग अथर्वचे हात का बांधून ठेवलेत?"

"हात मुंजीनंतर द्यायचा असतो. तोवर पोरानं हात जोडून बसायचं. आमच्याकडे तसंच..."

यशश्रीने वाद घातला नाही. दोरावरून चालताना अथर्वचे ओठ हलतात, हे ती आठवडाभर बघत होती. तो काय पुटपुटतो ते मात्र तिला एकदाही ऐकू आलं नव्हतं. आज कळलं तर कळलं, असं म्हणून तिने त्याला 'अ'च्या टोकाशी उभं केलं. "अथर्व, आजोबांचा श्लोक. चालता चालता."

अथर्वने हात पसरले आणि पहिलं पाऊल टाकलं. एका पावलाला एक शब्द. पहिल्या वळणावर आवाज कुजबुजीएवढा होता, दुसऱ्या वळणावर तो मोकळा झाला, आणि शेवटच्या उभ्या रेघेवर तर खणखणीत. श्लोक संपला. पोरगं मागे वळलं आणि दुसरा सुरू केला. मग तिसरा, जो गुरुजींनी श्रावणात शिकवून, हात टेकून सोडून दिला होता.

गुरुजी होते तिथेच खाली बसले. "हे याला कधी आलं?"

"तुम्हीच शिकवलंत, गुरुजी. फक्त बाहेर यायला वाट नव्हती."

इतके महिने ते नातवाला कोरा समजत होते, आणि पोराने त्यांचा एकूण एक शब्द जपून ठेवला होता. गुरुजींना आनंद झाला आणि लाजही वाटली. दोन्ही त्यांनी उपरण्याने पुसलं. खोलीबद्दल चकार शब्द न काढता ते जिना चढून गेले.

शनिवारी यशश्रीला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला आपण जरा जास्तच बोललो. म्हणून संथेच्या वेळी तिने मुलांना चिंचोके देऊन शांत बसवलं. वर एक ओळ झाली, दुसरी झाली, मग थांबली. जिना करकरला.

"बाई, आज उड्या नाहीत?"

"तुमची संथा चालू आहे, गुरुजी."

"मग दोन्ही चालू राहू देत. जूनपासूनही." ते निघाले, पायरीवर थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "तो दोर जरा द्याल? घरी देवापुढे घालायचाय."

यशश्रीने 'अ' उचलला, दोर गुंडाळून त्यांच्या हातात दिला, आणि मुलांकडे वळून ओरडली, "चला, एक!"