आठ नंबरची खुंटी

पहिला.

चेंडू काखेत दाबून केस्टर लम्ब घुसला आणि पाहुण्या संघाचे तिघे एकदम त्याच्यावर कोसळले. एकाचा खांदा कानशिलावर बसला. नळ बंद करावा तसा सगळ्या मैदानाचा आवाज बंद झाला.

मग नेहमीचा तो हात आला. थंडगार, खरबरीत, नखांत कोळशाची धूळ.

"ऊठ, बाळा. चेंडू टाचेनं मागं सार."

केस्टर उठला. चेंडू मागं सारला. रग्बी लीगचा नियमच तो: सहा वेळा पाडेपर्यंत चेंडू आपला, सहाव्यांदा पडलात की समोरच्यांचा. सोळा वर्षं तो याच मोजणीवर जगत आला होता. क्लबकडून तीनशे एकतीस सामने, इंग्लंडकडून एकोणीस. पडायचं, उठायचं.

"म्हाताऱ्या, कुणाशी बोलतोयस?" शेजारून त्याच्याच संघातला टॉबी गॉन्ट ओरडला.

"मला उठवलं त्याच्याशी."

"कुणी नाही उठवलं तुला. आपला आपण उठलास. रेफ्री! अहो, याचं डोकं बघा जरा!"

दुसरा.

कपडे बदलायच्या खोलीत प्रत्येक खुंटीखाली पितळी पाट्या आहेत. ती जर्सी आजवर ज्यांनी घातली त्यांची नावं, आणि क्लबकडून पहिला सामना खेळले त्या क्रमानं आकडे. खेळाडूंचं सामान सांभाळणारा म्हातारा विल्फ दर शुक्रवारी त्या घासतो. आठ नंबरच्या खुंटीखाली सर्वांत शेवटी '१३८८ केस्टर लम्ब'. त्याच्या बरंच वर '४१२ अन्य खेळाडू'.

"नाव का नाही याचं?" अठरा वर्षांच्या केस्टरनं विचारलं होतं.

"वेल्सचा होता. खाणीतला," विल्फ म्हणाला होता. "तिकडं पैसे न घेता खेळायचे. आपल्याकडं पैसे मिळतात. इथं नुसता चाचणीला खेळला असं तिकडं कळलं, तरी जन्माची बंदी. म्हणून पेपरात नाव द्यायचे नाहीत. एकच सामना खेळला बिचारा. डोक्याला लागलं, तरी शेवटपर्यंत खेळला. मग स्टेशनकडं चालत गेला."

"आणि?"

"आणि काय? गाडीत कुणी बघितला नाही त्याला. पाय उचल, पाटी घासू दे."

तिसरा.

(हा केस्टरकडे नाही. उठवल्याच्या बदल्यात तो गेला.)

चौथा.

त्या कोळशाच्या हाताचा माणूस उठवण्याच्या बदल्यात काय नेतो, हे केस्टरला फार उशिरा कळलं. घरी जिन्यात सिडनीच्या सामन्यातला फोटो लावलेला आहे: इंग्लंडच्या पांढऱ्या जर्सीत केस्टर, तोंडभर चिखल, दोन्ही हात वर. एकदा पाहुण्यांसमोर त्याची बायको लिंडसे म्हणाली, "सांग ना, चेंडू रेषेपलीकडं टेकवून तो शेवटचा ट्राय कसा केलास ते." त्यानं तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. फोटोतला माणूस दुसऱ्याच कुणाचा तरी आनंद साजरा करत होता.

"तूच सांग," तो हसून म्हणाला. "तू माझ्यापेक्षा चांगलं सांगतेस."

लिंडसेनं सांगितलं. सगळ्यांबरोबर त्यानंही लक्ष देऊन ऐकलं.

त्या रात्री तो वहीत सामने लिहायला बसला. जिथं जिथं त्या हातानं उठवलं होतं, तिथं तिथं भोक. ऑकलंड नाही. कपची फायनल नाही. एका सामन्यावर आयुष्य काढलेल्या त्या माणसाकडे आता तीनशेच्या वर सामने जमले होते. केस्टरकडे धड असा एकच उरला होता. पहिला.

त्या दिवशी आई स्टँडमध्ये सर्वांत वरच्या रांगेत बसली होती. शाळेच्या स्वयंपाकघरातून तशीच आलेली, मांडीवर लाल थर्मास. तो मैदानात उतरला तेव्हा ती उठून उभी राहिली आणि अनोळखी लोकांना सांगत सुटली, "आठ नंबर दिसतोय ना? तो माझा!"

ती जाऊन नऊ वर्षं झाली होती.

पाचवा.

डॉक्टरची खोली मैदानात जायच्या बोगद्याला लागूनच होती. डॉक्टर थॅक्रे त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"माझ्याकडं बघ, राजा. डोक्याला लागलंय, उत्तरं चुकलास तर बारा दिवस घरी, माहीत आहे ना?"

माहीत होतं. उद्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याचा संघ निवडणार होते. इंग्लंडकडून विसावा सामना, चौतिसाव्या वर्षी. पुन्हा कुणी विचारणार नव्हतं.

"हे मैदान कुठलं?"

डॉक्टरच्या खांद्यामागे तो माणूस उभा होता. चामड्याची टोपी कपाळावर ओढलेली, चेहरा सावलीत. दर वेळी असायचा, दर वेळी उत्तरं पुरवायचा. खोलीत चोळायच्या तेलाचा आणि ओल्या कोळशाचा वास पसरला.

"सांगतो की," तो हळूच म्हणाला. "सगळी सांगतो. पण तुझ्याकडं एकच उरलाय. तो दे."

"केस्टर? आज शेवटचा ट्राय कुणी केला?"

केस्टरनं डोळे मिटले. लाल थर्मास. वाफ. तो माझा!

"नाही माहीत," तो म्हणाला.

"मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो?"

"नाही माहीत."

"असू दे, राजा," डॉक्टर म्हणाल्या आणि मान खाली घालून लिहू लागल्या.

तो माणूस रागावला नाही. त्यानं पहिल्यांदाच टोपी काढली. चेहरा ओळखीचा होता. रोज दाढी करताना केस्टरच्या समोर असायचा तोच.

"ठेव मग तो तुला," तो म्हणाला. "बाकीचं मी बघतो."

बुटांचे खिळे फरशीवर टकटकत दाराबाहेर गेले. बोगद्यातून. मग गवत लागलं असावं, आवाज थांबला.

सहावा.

बाहेर एकच गलका उठला. भोंग्यावरून निवेदक ओरडत होता, "आणि आठ नंबर परत मैदानात! केस्टर लम्ब!" सात हजार लोक त्याच्या नावानं पाय आपटू लागले. वरच्या लाकडी स्टँडची धूळ छतातून खाली गळली.

"शाब्बास रे माझ्या वाघा," डॉक्टर हसून पुटपुटल्या. हातातल्या कागदावर त्यांनी 'पास' लिहिलं आणि मान वर केली. समोर कुणी बसलं असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्या दचकून उठल्या.

"अहो, तुम्ही कोण? आत कसे आलात?"

तो आपल्या हातांकडे पाहत होता. नखांत काळी धूळ होती.

"इथं बाहेरच्या माणसांना परवानगी नाही." मग त्याच्या कानशिलावरचं रक्त बघून त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "लागलंय का तुम्हाला? नाव काय तुमचं? कुणाबरोबर आलात?"

"आईबरोबर," तो म्हणाला. "वर बसलीये, अगदी शेवटच्या रांगेत. लाल थर्मास आहे बघा तिच्याकडं. तिला विचारा. ती सांगेल मी कोण ते."